भिंगरीसाठी घर

रस्त्यात जखमी मुके जनावर दिसले तर थांबावे, त्याला पाणी पाजावे, औषधोपचाराची सोय करावी, हा संस्कार जैन घरांत लहानपणीच रुजतो. बरे झालेल्या जनावराचे पुढे काय करायचे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. गाय असली तर पांजरपोळ असते. पक्षी असला तर तो उडून जातो. कुत्र्याचे पिल्लू बरे झाले की धावू लागते, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो. सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका कुटुंबाला हा प्रश्न चार महिने पुरला.

घर बेदाण्याच्या व्यापाऱ्याचे. मार्केट यार्डात अडत दुकान, आणि हंगामात तासगाव, कवठेमहांकाळ भागातील शेडवर मालकाची सतत ये-जा. फाल्गुनातल्या एका दुपारी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा वडिलांबरोबर शेडवरून परतत होता. तासगाव रस्त्याच्या कडेला तीन-चार महिन्यांची एक तांबूस कुत्री मागचा पाय फरफटत चालली होती. दुचाकीने धडक दिली असावी. मुलाने तिला बारदानात गुंडाळून थेट पशुवैद्यकांकडे नेले. मांडीचे हाड मोडले होते. प्लास्टर घातले गेले आणि सहा आठवडे तिला हालचाल करू द्यायची नाही, अशी सक्त सूचना मिळाली.

ते सहा आठवडे सर्वांच्या आवडीचे ठरले. गॅलरीत पोत्यावर ती निमूट पडून राही. कोणी आले की शेपूट हलवी आणि हातावर हनुवटी टेकवी. शेजारीपाजारी येऊन तिला बघून जात. ‘किती गुणी आहे हो,’ असे म्हणत तिघा-चौघांनी तर बरी झाल्यावर तिला घरी नेण्याचा शब्दही दिला. सहावीतल्या नातीने तिचे नाव ‘राणी’ ठेवले.

प्लास्टर निघाले आणि पंधरा दिवसांत ते नाव मागे पडले. कारण जी बाहेर पडली ती राणी नव्हती, भिंगरी होती. पहाटे पाचला ती घरभर फेऱ्या मारू लागे. सोफ्यावरून खिडकीत, खिडकीतून दारात, दारातून पुन्हा सोफ्यावर. चपला, झाडूची मूठ, नातीची भूगोलाची वही, कपडे वाळत घालायची दोरी, यांतले काही सुटले नाही. दारावरची घंटा वाजली की येणाऱ्याच्या छातीवर तिचे दोन्ही पंजे ठरलेले. शब्द दिलेल्या मंडळींपैकी दोघे पाहायला आले आणि सदरा झटकत परत गेले. उरलेल्यांनी फोन उचलणे बंद केले.

यात त्या कुत्रीचा दोष काहीच नव्हता. सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंतचे कुत्रे म्हणजे अंगाने मोठे झालेले मूल असते. त्यात गावठी कुत्र्याचे शरीर मैलोगणिक फिरून पोट भरण्यासाठी घडलेले. त्याला दोन खोल्या आणि एक गॅलरी दिली, तर उरलेली शक्ती चपलेवर आणि वहीवर निघणारच. पशुवैद्यकांनी एक उपाय सांगितला. नुसते पळवण्यापेक्षा तिला हुंगत हुंगत, तिच्या गतीने फिरू द्या. कुत्र्याचे जग नाकात असते आणि अर्धा तास हुंगल्याने त्याचे मन जितके शांत होते तितके चेंडूमागे धावून होत नाही. दुसरी गोष्ट, अंगावर उडी मारली की ओरडू नका, ढकलू नका, पाठ फिरवून उभे राहा आणि चारही पाय जमिनीवर आले की मगच गोंजारा. सूनबाईंनी हे दोन्ही नेमाने केले. शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी एक तास आणि आल्यावर एक तास त्या भिंगरीला फिरवत. फरक पडत होता. फक्त तो त्यांच्या सवडीपेक्षा सावकाश पडत होता.

घरात आणखी एक अडचण होती, आणि ती बेदाण्याची. द्राक्ष व बेदाणा कुत्र्याला विषासमान असतो. थोड्याशा प्रमाणातही त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. या घरात तर नमुन्याच्या पुड्या टेबलावर, कपाटावर, मालकांच्या खिशात. एके दिवशी तिने खुर्चीवर टांगलेल्या सदऱ्याच्या खिशातून पुडी ओढून काढली. नातीने वेळेत हिसकावली म्हणून निभावले. त्यानंतर मालकांनी दुकानाचा सदरा दुकानातच ठेवायचा असा नियम झाला. (कांदा-लसूणही कुत्र्याला अपायकारकच, तांबड्या रक्तपेशींचा नाश करणारा. तेवढ्यापुरते जैन स्वयंपाकघर कुत्र्याला सर्वांत सुरक्षित म्हणता येईल. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा मात्र वेचून काढावा लागतो.)

सासूबाईंचा विरोध पहिल्या दिवसापासून होता आणि तो निष्ठुरपणाचा नव्हता. वय चौऱ्याहत्तर, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. भिंगरीच्या एका उडीने त्या दाराच्या चौकटीवर आदळल्या होत्या. खांद्याला मुका मार लागण्यावर निभावले. त्या वयात खुबा मोडला असता तर काय झाले असते, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. शिवाय त्या वर्षी गावात मुनिसंघाचा चातुर्मास होणार होता. घरी चौका लावून आहारदान द्यावे, ही त्यांची किती वर्षांची इच्छा होती. कुत्रे मोकाट फिरत असलेल्या घरात चौक्याची शुद्धी राखायची कशी?

नातीने आजीलाच आजीची गोष्ट ऐकवली. क्षत्रचूडामणीतील जीवंधर कुमाराने मार खाऊन मरणाला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला, तो कुत्रा यक्षदेव झाला आणि पुढे कुमाराच्या संकटात धावून आला. ही कथा सासूबाईंनीच तिला दहा वेळा सांगितली होती.

‘मंत्र सांगितला,’ सासूबाई म्हणाल्या, ‘घरी नाही आणला.’

यावर घरात कोणाकडे उत्तर नव्हते. आषाढ चतुर्दशीच्या आत भिंगरीला दुसरे घर शोधायचे ठरले. श्रावणात मुलगाही वसतिगृहावर जाणार होता, म्हणजे फिरवणारे दोन हात आणखी कमी होणार होते. दरम्यान रेबीजची व इतर लसीकरणे पूर्ण झाली आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने नसबंदीची शस्त्रक्रियाही करून घेण्यात आली. मादी कुत्री पिल्लांच्या भीतीने लोक नाकारतात. रस्त्याकडेला सोडून दिलेल्या पिल्लांत म्हणूनच माद्या अधिक दिसतात. तेवढे एक कारण तरी आधीच दूर झाले. कोणी सुचवले की आणली तिथे परत सोडा. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही रस्त्यावरचे कुत्रे नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागीच सोडायचे, असे आहे. परंतु ते त्या जागेत वाढलेल्या, तिथला अन्नपाण्याचा ठाव ठाऊक असलेल्या कुत्र्यासाठी. भिंगरीची मूळ जागा म्हणजे भरधाव रस्त्याची कडा, आणि तिच्या आयुष्याचा मोठा भाग घरात गेलेला. तिला तिथे सोडणे म्हणजे मोडलेला पाय जोडून पुन्हा चाकाखाली देणे होते.

सूनबाईंनी ओळखीपाळखीत निरोप धाडले. मैत्रिणींचा सल्ला होता, ‘शांत आहे, प्रेमळ आहे, एवढेच लिही. एकदा घरात गेली की लळा लागतो.’ त्यांनी तसे केले नाही. निरोपात साफ लिहिले की कुत्री आठ महिन्यांची आहे, फार चपळ आहे, दिवसातून दोन तास फिरवावे लागते, चपला चावते, अंगावर उडी मारते, म्हाताऱ्या माणसांच्या घरी चालणार नाही. हे वाचून कोण येणार, असे सगळ्यांना वाटले. आलेही थोडेच. एक नवविवाहित जोडपे आले. दोघेही सकाळी नऊ ते रात्री आठ बाहेर. ‘दिवसभर बाथरूममध्ये ठेवू,’ असे ते सहज म्हणाले. एक कुक्कुटपालक आले. त्यांच्याकडे हजार कोंबड्या आणि राखणीला कुत्रे हवे. भिंगरी कोंबडीमागे धावणार आणि शिक्षा तिलाच होणार, हे उघड होते. सूनबाईंनी दोघांनाही चहा देऊन नम्रपणे नकार दिला.

ज्येष्ठ सरत आला तेव्हा सासूबाईंचा भाचा आला. कवठेमहांकाळकडे त्याची दोन मोठी बेदाणा शेड. माणूस धर्मशील, रात्रिभोजनत्यागी, दर पर्युषणात दहा दिवस एकाशन करणारा. ‘आत्या, तुझ्या घरची कटकट जाईल, माझ्या शेडला राखण होईल,’ तो म्हणाला. ‘खायला आपल्या घरचेच, भाकरी, दूध, आमटी. अभक्ष्याचा कण तिच्या तोंडी लागणार नाही.’ सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला. घरचाच माणूस, शाकाहारी अन्न, आणि सासूबाईंच्या माहेरचे नाते. सूनबाईंनी फक्त विचारले, ‘भाऊजी, मोकळी ठेवणार ना?’ तो हसला. ‘मोकळी ठेवली तर राखण कशी करेल? साखळी लांब देऊ.’

‘आणि हंगाम संपल्यावर?’

बेदाणा शेडचे काम जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. नंतर माल शीतगृहात जातो आणि माळावरची शेड ओस पडते. ‘गडी असतो की एक दिवसाआड,’ भाचा म्हणाला.

याच आठवड्यात हरिपूरहून एक बाई आल्या. सूनबाईंच्या शाळेतल्या शिपायांच्या त्या मेव्हणी. हरिपूर सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेले. एकेकाळी तिथल्या मातीतल्या पेवांमध्ये सांगली बाजारची हळद साठवली जायची. बाईंचे घर शेताला लागून. दोन मुलगे, बारा आणि चौदा वर्षांचे. सासरे रोज पहाटे मळ्यापर्यंत चालत जाऊन येणारे. त्यांचा जुना कुत्रा म्हातारा होऊन आदल्या वर्षी गेला होता.

आजवर आलेले सगळे भिंगरीला पाहून आधी ‘चावते का?’ असे विचारत. या बाईंनी बसता बसता विचारले, ‘ही काय काय नासधूस करते, ते सगळं सांगा.’ सूनबाईंनी सांगितले. बाई ऐकत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, ‘चप्पल कोनती, चामड्याची का रबराची?’ मग मोठ्या मुलाला म्हणाल्या, ‘खुंटीवर टांगायच्या आजपासून.’ तेवढ्यात भिंगरीने उडी मारली. त्या न बोलता पाठ फिरवून उभ्या राहिल्या. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

सांगलीकर जनावर देताना एक प्रश्न हमखास विचारतो, आणि तो सूनबाईंनीही विचारला. पूर आला तर? 2019 साली आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्याही पलीकडे गेले होते. माणसे जीव घेऊन बाहेर पडली आणि दाव्याला बांधलेली कितीतरी जनावरे जागीच गेली. बाई म्हणाल्या, ‘त्या रात्री म्हशी सोडल्या, गावाच्या वरच्या अंगाला हाकलल्या. कुत्रं नावेत घेतलं. नाववाला नको म्हणत होता. मामंजी म्हणाले, मग मीबी उतरतो.’

घरातल्या सर्वांचे मत तिथेच ठरले असते. तेवढ्यात सासूबाईंनी देवघराच्या दारातून विचारले, ‘खायला काय घालाल?’

‘भाकरी, ताक, आमटी, कधी अंडं. रविवारी आमच्यात जे असेल त्यातलं थोडं. तुमच्यासमोर खोटं कशाला बोलू, आजी?’

खोलीत शांतता पसरली. जैन घराला हा प्रश्न किती बोचतो, हे वाचकांना सांगायला नको. एकीकडे शुद्ध शाकाहारी भाचा, रक्ताचे नाते आणि साखळी. दुसरीकडे मोकळे शेत, दोन मुले, पहाटेची चाल आणि रविवारचे ते ताट. जीव वाचवलेल्यांनीच तो मांसाहारी घरात द्यायचा, तर कृत, कारित आणि अनुमोदना यांपैकी तिसऱ्याचा वाटा आपल्याला लागतो का, असा विचार सूनबाईंच्याही मनात आला. त्या काही बोलल्या नाहीत. बाईंना दोन दिवसांनी कळवते म्हणून त्यांनी निरोप दिला.

त्या रात्री सासूबाईंनी मुलाला आणि सुनेला जवळ बोलावले. तत्त्वार्थसूत्राचे दहाही अध्याय त्यांना मुखोद्गत. दर दशलक्षण पर्वात रोज एक, असे आयुष्यभर म्हटलेले. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांची त्यांनी बोटांवर उजळणी केली: बंध, वध, छेद, अतिभार लादणे, अन्नपाणी रोखणे. ‘पहिला कोणता?’ त्यांनी मुलाला विचारले.

‘बंध.’

‘माझ्या भाच्याकडे पहिला आहे. हंगाम संपला की पाचवाही येईल. गडी एक दिवसाआड येतो म्हणाला ना?’ थोड्या वेळाने त्या पुढे म्हणाल्या, ‘शेडमध्ये जमिनीवर बेदाणेच बेदाणे. तुम्हीच सांगितलेत ना ते तिला विष आहे म्हणून?’

घरातून कुत्री जावी असे सर्वांत अधिक ज्यांना वाटत होते, त्यांनीच सोपा रस्ता बंद केला. माहेरच्या माणसाला नाही म्हणणे सोपे नव्हते. भाच्याला फोन त्यांनी स्वतः केला, सुनेवर ढकलला नाही. तो रागावला. ‘कुत्रीपायी माणसं तोडतेस आत्या,’ असे म्हणाला. त्या वर्षी रक्षाबंधनाला त्याच्याकडून नेहमीचा निरोप आला नाही. सासूबाईंनी ते कोणाला बोलून दाखवले नाही. दोन-तीनदा फोनकडे पाहिलेले मात्र सुनेच्या लक्षात आले.

हरिपूरच्या बाई आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवले. ‘एकच मागणे आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या घरात काय शिजते, ते तुमचे तुम्ही पाहा. पण हिच्यासाठी म्हणून कधी काही मारू नका, विकतही आणू नका.’ श्रावकाने सर्वांत आधी सोडायची ती संकल्पी हिंसा, जाणूनबुजून ठरवून केलेली. सासूबाईंनी आपल्या पुरती रेघ तिथे ओढली. ती रेघ योग्य जागी होती की नाही, यावर त्या घरात आजही दोन मते आहेत. मालकांना वाटते, निदान अंड्याचेही वचन घ्यायला हवे होते. बाईंनी क्षणभर विचार करून म्हटले, ‘हिच्यासाठी म्हणून नाही. हे कबूल.’

मग लसीकरणाचे कार्ड, शस्त्रक्रियेचे कागद, बेदाणा, द्राक्षे, कांदा, लसूण आणि चॉकलेट कधीही देऊ नये अशी मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी, तिचे पोते आणि गळपट्टा, असा सगळा ऐवज रिक्षात चढला. नात रडली. मुलगा कुत्रीबरोबर हरिपूरपर्यंत गेला. पहिले तीन दिवस भिंगरी पलंगाखालून फारशी निघाली नाही. जेवलीही जेमतेम. घाबरू नका, नव्या घरात असेच होते, घडी बसायला आठवडे लागतात, हे पशुवैद्यकांनी आधीच सांगून ठेवले होते. चौथ्या दिवशी ती म्हाताऱ्या आजोबांमागून मळ्यात गेली आणि परतताना त्यांच्या पुढे होती. तिसऱ्या आठवड्यात तिने शेजारच्या बंधाऱ्यात उडी घेतली आणि पोहता येते हे तिचे तिलाच कळले. त्या दिवसापासून घरातल्या चपला सुरक्षित झाल्या, असे बाईंनी फोनवर सांगितले. दमलेली कुत्री दुपारभर ओसरीवर झोपते.

इकडे चातुर्मासात चौका लागला. आहारदान निर्विघ्न झाले. त्या दिवशी सासूबाई फार कमी बोलल्या आणि संध्याकाळी लवकर झोपल्या.

पुढे श्रावणात कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांत पावसाने जोर धरला. आयर्विन पुलाची पातळी रोज फुटाफुटाने चढू लागली. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोक्याची, हे सांगलीत लहान मुलांनाही पाठ असते. पाणी 34 फुटांवर असतानाच सासूबाईंनी हरिपूरला फोन लावायला सांगितला. तिकडून बाई म्हणाल्या की सामान बांधून तयार आहे, म्हशी सायंकाळी वरच्या अंगाला नेल्या आहेत, काळजी करू नका.

‘आणि ती?’ सासूबाईंनी विचारले.

‘ती मोकळीच आहे, आजी. पट्टा तेवढा सापडत नाही. खाल्ला असावा.’